पत्ता सांगेपर्यंत

रुग्णवाहिकेचे फोन यापुढे फक्त यंत्रानंच घ्यावेत का, यावर सरकारी सुनावणी होती. बोलताना अडखळणारा शिंपी उठला.

"यंत्राला माझं बोलणं कळेना. दोनदा फोन तोडला. तिसऱ्यांदा एक बाई होत्या. म्हणाल्या, 'सावकाश सांगा दादा, मी आहे.' पत्ता पुरा होईपर्यंत थांबल्या. त्यांचे आभार मानायला आलोय."

एवढं बोलायला त्याला दहा मिनिटं लागली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि नियमाच्या मसुद्यात लिहिलं, 'फोनवर माणूस हवाच.'

एरवी त्याचं प्रत्येक वाक्य पुरं करणारी बायको शेजारी गप्प बसून होती. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "आज मदतीला आली नाहीस?"

"त्या दिवशी मी शुद्धीवर नव्हते," ती म्हणाली. "माझ्यासाठी कसे बोललात, ते ऐकायचं राहिलं होतं."