गाई उतरण्याचा दिवस

मानवतच्या बसस्थानकावर उतरल्यावर राजेश्रीने मोबाइलमधले दोन्ही व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिले. एक मागच्या वर्षीचा, एक कालचा. कालचा तिने पुसून टाकला. चुकून त्यावर बोट पडलं असतं तर घात झाला असता.

वडिलांना, आबासाहेबांना दाखवायचा होता तो मागच्या वर्षीचा.

तिचा धाकटा भाऊ महारुद्र चार वर्षं दरसाल तिकडच्या उन्हाळ्यात आल्प्स पर्वतातल्या एका चिमुकल्या गावी गाई राखायला जात होता. जुलैत वरच्या कुरणावर दरड कोसळली आणि तो गेला. तिथे त्याच्यासोबत कामाला असलेल्या गोपाळ नावाच्या मित्राने राजेश्रीच्या नवऱ्याला, शिवशंकरला फोन केला. पुढे अस्थी आल्या, त्याही शिवशंकरने गंगाखेडला गोदावरीत सोडल्या. वडिलांना कुणीच काही सांगितलं नाही. आबांच्या काळजात दोन स्टेंट होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये.

राजेश्रीची आई कधीच गेली होती. आता आबा तेवढे उरले होते, आणि पोटातलं सात महिन्यांचं बाळ. आधीची दोन टिकली नव्हती.

‘वर डोंगरात रेंज नसते’ या एका थापेवर तिने दोन महिने काढले. नवल म्हणजे आबांनी एकदाही ‘फोन लावून दे’ असा हट्ट धरला नाही. म्हातारी माणसं भोळी असतात, असं म्हणून तिने देवाचे आभार मानले होते. पण सप्टेंबरात गाई डोंगरावरून उतरल्या की महारुद्रचा व्हिडिओ येतो, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. त्यातून सुटका नव्हती.

ती माहेरी पोचली तेव्हा आबा ओसरीवरच बसले होते. खांद्याची हाडं वर आली होती.

“आलीस बाई? बस. दम खा आधी. यवढ्या अवघडलेल्या अंगानं कशाला आलीस गं?”

“तुमाला बगायला आले. लय वाळलाव आबा.”

“ऊन हाय. जेवन जायना गेलंय.”

भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी आल्प्समधल्या त्या गावाचा नकाशा टांगलेला होता. त्यातलं सगळं आबांना तोंडपाठ. वस्ती चारशे बारा. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथीकडे बर्फ वितळून येणारी पांढरट नदी. शाळेत अकरा पोरं. दीडशे वर्षांपूर्वी बर्फाचा कडा सुटून अर्धं गाव गाडलं गेलं, म्हणून चर्चची डोंगराकडची भिंत पाचरीसारखी टोकदार बांधलेली. पुन्हा बर्फ आला तर दोन्हीकडून फाटून जावा. जूनमध्ये गाई घेऊन माणसं वर चढतात, सप्टेंबरात उतरतात. ‘आपली मानसं ऊसतोडीला जातेत, तसंच,’ असं आबा पारावर सांगायचे. लोक त्यांना ‘फॉरेनचे सरपंच’ म्हणून चिडवायचे आणि आबा खुलायचे. हल्ली ते पारावरही जात नव्हते; गुडघे धरतात, असं फोनवर म्हणाले होते.

“व्हिडिओ आलाय आबा,” ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने आधी पाणी पिऊन घेतलं होतं.

आबांनी चष्मा पुसला. वेळ लावून पुसला.

पडद्यावर घाटरस्ता उतरत गाई आल्या. शिंगांमध्ये फुलांचे भलेथोरले मुकुट, गळ्यात घागरीएवढ्या घंटा. सगळ्यांच्या पुढे लाल स्वेटर घातलेला महारुद्र, हातात काठी, तोंडभर हसू. राजेश्रीने नकाशाकडे नजर फिरवली. भावाचं ते हसू तिला बघवेना.

आबांनी व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्यावरच्या लाल स्वेटरवर अंगठा फिरवला.

“सुटर मागल्या सालचंच हाय की.”

ती लगेच म्हणाली, “एकच हाय त्याच्याकडं तेवढं गरम.”

“आस्सं. एकच हाय व्हय.” आबांनी अंगठा काढून घेतला. मग म्हणाले, “फुलं हायती न्हवं गाईंच्या डोक्यावर? म्हंजी समदे खुशाल हायत. वर कुनी मानूस गेलं की ते लोक गाईंला फुलं बांधत न्हाईत. महारुद्रानंच सांगितलं व्हतं. आपल्या पोळ्यावानीच हाय त्यांचं. आपन तरी मयताच्या घरी बैल कुठं सजवतोव?”

“व्हय आबा,” ती कशीबशी म्हणाली. काल गोपाळने पाठवलेल्या व्हिडिओतल्या गाई बोडक्या डोक्याने, घंटांशिवाय उतरल्या होत्या.

“झालं तर मग. तू आता काळजी करू नको. तुझं बाळंतपन सुखरूप होऊ दे, यवढंच मागायलोय मी.”

ती चुलीशी गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. फसवल्याची लाज वाटत होती आणि आबा वाचले म्हणून हायसंही वाटत होतं. मग तिने तोंड धुतलं, भाकरी टाकल्या. कितीतरी दिवसांनी आबांनी दीड भाकरी खाल्ली, तिच्याकडे बघत बघत. तीही जेवली.

उरलेली अर्धी भाकरी घेऊन ती उठली. माहेरी आली की बैलांना घास द्यायचा, ही तिची लहानपणापासूनची सवय.

“गोठ्याकडं नगं जाऊ,” आबा घाईने म्हणाले. “चिखल हाय. पाय घसरंल.”

“दोन घासच तर देते. पोळ्याला मला येता आलं न्हाई. तुमीच म्हनलाव ना फोनवर, लय झोकात सजवले, शिंगं हिंगुळानं रंगवली म्हनून? बगू तरी द्या.”

आबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

गोठ्यात चिखल नव्हता. दोन्ही बैलांनी तिला ओळखून माना पुढे केल्या. खुंटीवर झुलींचं आणि गोंड्यांचं गाठोडं होतं, मागच्या पोळ्याला तिने स्वतः मारलेली गाठ तशीच. भाकरीचा तुकडा पुढे करताना तिचा हात बैलाच्या शिंगाला लागला. शिंग कोरडं, धुळकट होतं, आणि चारही शिंगांवर रंगाचा एक ठिपकाही नव्हता.