ब्रँडची सूट

चार नंबरच्या विमानापुढच्या कार्डावर ‘तामिया’ हे नाव वाचून घड्याळजींनी डोळ्याचे भिंग कपाळावर सरकवले. “म्हणजे सूट नाही,” ते म्हणाले.

मॉडेल मंडळाची वार्षिक तपासणी चालू होती. लांब टेबलावर वर्तमानपत्रे अंथरलेली, त्यांवर प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेली नऊ विमाने. प्रत्येकापुढे क्रमांक आणि किटचा ब्रँड. बनवणाऱ्याचे नाव बंद पाकिटात. ज्या कंपनीचे साचे झिजलेले, तिच्या किटला दहापर्यंत गुणांची सूट मिळे. हासेगावा ही कंपनी श्रेष्ठ की एअरफिक्स, यावर मंडळात दोन तट होते आणि त्यांच्यात चहासुद्धा वेगळा मागवला जाई. तामियाबद्दल तट नव्हते. तिचे भाग न चिकटवताही जागेवर बसत. म्हणून तिला सूट शून्य: फट दिसली, तर ती हाताची. हा नियम सरांनी केला होता.

सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. ते मोतीबिंदूचे सर्जन. दुसऱ्या दिवशी सकाळच्या त्यांच्या ऑपरेशनच्या यादीत पहिले नाव घड्याळजींच्या बायकोचे होते. तिला एकच डोळा होता.

घड्याळजींनी फट मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा उघडला. उजवा पंख जिथे धडाला मिळतो, तिथे त्यांनी सर्वांत पातळ पट्टी घातली. ती आरपार गेली. त्यानंतरची गेली. त्यानंतरचीही गेली. सहा दशांश मिलिमीटरची पट्टी अखेर अडकली.

“ही फट डब्यातून आलेली नाही,” ते म्हणाले. “ही कमावलेली आहे.”

“तामियाच्या डब्यात नुसता ग्लू ओतून डबा खडखडवला तरी विमान तयार होऊन बाहेर पडतं, असं आपले सरच सांगतात,” छापखानेवाला म्हणाला. “हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.”

सगळे हसले. सरही हसले, किंचित उशिरा.

घड्याळजींनी विमान खिडकीकडे धरले. वैमानिकावरच्या पारदर्शक काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

“हे पाहा. बोट नुसतं टेकलेलं नाही, टेकून हललंय. प्रत्येक रेघ दुहेरी आहे. नवशिक्या घाबरून ग्लू फासतो. यानं मोजका लावलाय, अगदी जिथे हवा तिथेच. अक्कल जुन्या माणसाची आहे, हात ऐकत नाही. माझ्या दुकानात असा कारागीर असता, तर मी त्याच्या हातातला चिमटा काढून घेऊन त्याला काउंटरवर बसवला असता.”

“म्हणजे घड्याळाचे पट्टे विकायला,” छापखानेवाला म्हणाला.

“पट्टे बदलायलाही हात लागतो.”

पुन्हा हशा झाला. तो ओसरेपर्यंत डॉक्टरीणबाई थांबल्या. त्या सरांच्या विद्यार्थिनी. आता त्याच हॉस्पिटलात सरांखालोखाल त्यांचे नाव होते.

“सर, चार नंबर आपलाच ना?” त्यांनी विचारले. “वाढदिवसाला मीच दिला होता हा डबा.”

सरांनी चष्मा काढला. “पाकिटं अजून फोडलेली नाहीत.”

“फोडायची का?”

गेल्या वर्षी सरांची तिन्ही विमाने बिघडली होती. ती तिन्ही एका जुनाट साच्याच्या कंपनीची होती, आणि सरांनी दोष साच्यांना दिला होता. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतले आणि चांगल्यातला चांगला डबा आणून दिला. साच्याचा दोष बाद केला की कारणांच्या यादीत एकच नाव उरते. डॉक्टरीणबाईंची केबिन सरांच्या केबिनीला लागून होती. मधले दार दिवसभर उघडे असे. हा प्रश्न तिथेही विचारता आला असता.

“ग्लू जुना असेल,” छापखानेवाला म्हणाला.

“हवा दमट आहे हल्ली,” आणखी कोणी म्हणाले.

“आणि घाईही झाली असेल, सर. तुम्हाला वेळ कुठे असतो.”

किटमध्येच खोट असेल, असे मात्र कोणी म्हणाले नाही. तेवढे खोटे बोलणे त्या खोलीत कोणालाच शक्य नव्हते. सरांनाही नाही. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“मान्य आहे,” ते म्हणाले. “सूट शून्य. लिहा.”

घड्याळजींनी लिहिले. मग ते पट्ट्या एकेक करून पुसू लागले. वर पाहायला त्यांना जमत नव्हते.

“बरं, उद्या सातला वहिनींना घेऊन या,” सर नेहमीच्या आवाजात म्हणाले. “पहिलं ऑपरेशन त्यांचंच आहे. दहा मिनिटांचं काम.”

घड्याळजी पट्टी पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“तिला सर्दी झालीय, सर.”

“काल संध्याकाळी मी तपासलं त्यांना. काही नव्हतं.”

“आज झाली.”

“शिंका येतायत?”

“येतील.”

छापखानेवाला टेबलावरच्या वर्तमानपत्रातली जुनी बातमी वाचू लागला. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून छोटी डायरी काढली.

“काका, बुधवारी माझी यादी असते,” त्या म्हणाल्या. “सकाळची एक जागा रिकामी आहे. पण सर्दी जायला हवी.”

“बुधवारपर्यंत जाईल,” घड्याळजी म्हणाले, आणि भिंग डोळ्यावर ओढून पाच नंबरच्या विमानावर वाकले.