काळे मग
चहाच्या दुकानाच्या उद्घाटनाला वासितोकाकांनी पाहुण्यांना काळ्या मगांतून चहा दिला, पण एकाही मगावर दुकानाचं नाव उमटेना. "वेनिंग, हा मग की कोळसा? नाक कापलंस माझं!" मगांवर नाव छापणारी वेनिंग चक्रावली. नमुन्याच्या मगात उकळतं पाणी ओतल्यावर अक्षरं उमलली, तेव्हा काकांनीच टाळ्या पिटल्या होत्या. तिनं मगात डोकावून पाहिलं. आत बर्फ. सुराबायाच्या उकाड्यात गरम चहा पितंय कोण, हेच मग पसंत करताना दोघं विसरले होते! धावत जाऊन तिनं काकूंच्या पातेल्यातला सोतो, म्हणजे कोंबडीचा कढत, तिखटजाळ रस्सा, मगात ओतला. नाव झळकलं आणि पाहुण्यांची झुंबड उडाली. "आमच्याही मगात ओता!" "माझा चहा कोण पिणार?" काका कुरकुरले. काकू हसल्या, "जरा दम धरा." नाकाडोळ्यांतून पाणी गाळत सोतो ओरपणारे पाहुणे मगावरची अक्षरं वाचून एकसुरात ओरडले, "वासितोंचा गारेगार चहा! लवकर आणा!"