पाणकोंबडी दिसली का?

“त्या वाकलेल्या पाणकणसाच्या मागे बघा. पाणकोंबडी आहे,” दीपमालाने हलक्या आवाजात सांगितलं आणि दुर्बीण नागोरावांच्या हातात दिली.

जानेवारीतली सकाळ. पाषाण तलावावर धुकं इतकं खाली उतरलं होतं की पलीकडच्या उंच इमारती जणू कुणी बांधल्याच नव्हत्या. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, याचा पत्ता लागत नव्हता. मधूनच दोन-चार बदकं धुक्यातून बाहेर यायची, आपल्याच तंद्रीत थोडी पोहायची आणि परत आत जायची.

फाटकापाशी चहाच्या टपरीवर तिची मुलगी श्रद्धा आणि नागोरावांचा मुलगा अभिनव बसले होते. “तुम्ही दोघं जरा मोकळेपणी बोलून या, आम्ही इथेच आहोत,” असं म्हणून त्यांनी या दोघांना आत पाठवलं होतं. चोपन्न वर्षांची बाई, एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मुलं वडीलधाऱ्यांच्या थाटात चहा पीत बसलेली! परत गेल्यावर दीपमालाला हो किंवा नाही सांगायचं होतं.

पाणकणसाच्या मागे काहीही नव्हतं.

आधी सांगून आलेल्या दोघांनाही तिने इथेच आणलं होतं आणि हीच रिकामी जागा दाखवली होती. पहिला दुर्बीण डोळ्यांना लावायच्या आतच “वा, काय रंग आहे!” म्हणाला. दुसऱ्याने तर मोबाइलवर फोटो काढून शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. दोघांनाही तिने चहा पाजून वाटेला लावलं. एकटीने राहायला ती घाबरत नव्हती. उरलेला जन्म कुणाचं तरी खोटं ‘हो, हो’ ऐकत काढायची मात्र तिला धास्ती होती.

नागोरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग दुर्बीण लावली. बराच वेळ गेला.

“दिसली का?”

“नाही दिसून राहिली,” ते म्हणाले. वाशिम सोडून पस्तीस वर्षं झाली तरी त्यांची बोली पुण्याला बधली नव्हती.

“नीट बघा. डावीकडे.”

“डावीकडेच पाहून राहिलो.”

ते काठावरच्या दगडावर बसले, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि पाहत राहिले. चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, तिला खूश करायची धडपडही नव्हती. शेजारच्या दगडावर तीही टेकली.

धुकं पांढऱ्याचं पिवळसर होत गेलं. लांब कुठेतरी एक पक्षी थांबून थांबून ओरडत होता. ऐकता ऐकता दीपमालाला वाटलं, आपण दोघं कितीतरी वर्षं असेच इथे येतोय. घरी कणीक मळून ठेवली आहे, बोलायचं सगळं कधीच बोलून झालंय आणि परत जायची घाई कुणालाच नाही. असं किती वेळ चाललं, तिला कळलं नाही.

मग तिला स्वतःची लाज वाटली. या माणसाला आपण पोरखेळात बसवून ठेवलंय. आणि खरं सांगितल्यावर ते उठून गेले, तर आपल्याला फार वाईट वाटेल, हेही तिला त्याच क्षणी लख्ख कळलं.

“अहो,” ती उभी राहिली. “तिथे काही नाही. मी खोटं सांगितलं.”

नागोरावांनी दुर्बीण खाली घेतली आणि तिच्याकडे पाहिलं.

“राग आला?” तिने विचारलं.

“आला थोडा.”

तिने पर्स खांद्याला लावली. नागोराव उठले नाहीत. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्याच वाकलेल्या पाणकणसाकडे रोखली.

“पाणी आहे, आडोसा आहे,” ते म्हणाले. “येतेच एखादी. बसा.”