एप्रिलपर्यंत जमलं तर

"बाईसाहेब, चौकाला तुमचं नाव द्यायचं पक्कं झालंय," नगरसेवक चौगुले बशीत चहा ओतत म्हणाले. "फक्त एक नियम आडवा येतोय. ज्याचं नाव द्यायचं, तो माणूस हयात नसावा."

कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे बिनसंवादाच्या नटाकडे बघावं तसं बघितलं. एकेकाळी त्या ग्लिसरीनचा थेंबही न लावता पडद्यावर रडायच्या आणि अख्ख्या थिएटरचे पदर भिजायचे. एकतीस सिनेमांत त्या मेल्या होत्या, पण इतका टुकार दिग्दर्शक कधी भेटला नव्हता.

"निवडणूक मे महिन्यात आहे," चौगुले अजिजीने म्हणाले. "एप्रिलपर्यंत जमलं तर बघा. फलक रंगवून तयार आहे."

"बघते," बाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही तब्येत सांभाळा."

चौगुल्यांनी ते काही मनावर घेतलं नाही.

सहा वर्षांनी एकदाचं चौकाचं नामकरण झालं. प्रमुख पाहुण्या म्हणून कुमुदिनीबाईंनीच फलकावरचा पडदा ओढला. फलक तोच होता, फक्त बाईंचं नाव खरवडून त्यावर 'कै. चौगुले चौक' रंगवलं होतं.

"बाईसाहेब, फोटोपुरते दोन अश्रू येऊ द्या," फोटोग्राफर म्हणाला.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ग्लिसरीन मागवलं.