वजावाल्यांची चकती

"कोरी आहे, असं तिन्ही दुकानांत सांगितलं," लेक म्हणाली. "शेवटचा तर फॉरमॅटचं बटण दाबायलाच निघाला होता. बाबांनी त्याचा हातच धरला."

बाबा शेजारी स्टुलावर बसले होते, मांडीवर पाटी घेऊन. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, त्याला वर्ष झालं. तो कुठे उरला असेलच, तर या एका डीव्हीडीत.

दुरुस्तीवाल्या मावशींनी चकती कडेने उचलली, पाकळी उचलावी तशी. आधी लोगो निरखला.

"ही वजावाल्यांची, डीव्हीडीच्या नावापुढे वजाचं चिन्ह लावणाऱ्यांची. अधिकवाल्यांचा लोगो निराळा. एवढ्याशा चकतीवरून कंपन्यांचे दोन कंपू भांडले, आणि डोकं फिरलं गिऱ्हाइकांचं! खाली आरडब्ल्यू आहे, म्हणजे पुसता येणारी. त्या शहाण्याने बटण दाबलं असतं, तर तुम्ही बसला असता हात चोळत."

"पण कोरी..."

"कोरी कसली?" मावशींनी चकती खिडकीशी तिरकी धरली. मधल्या भोकाभोवती नखाएवढा गडद पट्टा उमटला. "एवढी भरलीय. भरून झाल्यावर बंद करायची राहिली. पोतं भरलं, तोंड शिवलंच नाही. मग परकं मशीन कशाला हात लावेल? भाऊ, रेकॉर्डर कुठला होता?"

बाबांनी ओशाळून कान पकडले.

"तो केव्हाच भंगारात गेला," लेक म्हणाली.

बाबांनी पाटीवर चौकोन काढला. उजवीकडे मोठं गोल बटण, डावीकडे चकतीचा खण, खाली बारीकसं दार. मावशींनी पाटीकडे एकदा पाहिलं, शिडी लावली आणि माळ्यावरच्या सतरा डब्यांतून नेमका तसाच रेकॉर्डर काढला.

चकती आत गेली. पडद्यावर 'फायनलाइज'ची, म्हणजे चकती बंद करण्याची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मावशींचा तळवा रेकॉर्डरच्या पाठीवर होता, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पट्टी भरली. पडद्यावर एक रिकामी खुर्ची आली, मागून खणखणीत आवाज:

"चालू झालं का हे? चिमणे, ऐकू येतंय ना गं?"

मावशींनी आवाज थोडा वाढवला आणि पाठ फिरवून उगाच पेचकस शोधू लागल्या.

"येतंय, बाबा," लेक म्हणाली. पडद्याकडे नाही, स्टुलाकडे बघत.