जिभेखालचे दाणे

डॉक्टरबाईंनी काळी फिल्म उजेडावर लावली, आणि त्या काही बोलायच्या आतच फेर्मिन चुंगा बोलून गेला, "दाणे!"

झटके येणाऱ्या त्याच्या लेकीच्या, यादिराच्या मेंदूत पांढरे ठिपके दिसत होते, तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे. ते ओळखायला फेर्मिनला डॉक्टर लागत नव्हता. तुंबेस शहराच्या बाजारात डुकराचा सौदा त्याच्या अंगठ्याशिवाय पुरा होत नसे. डुक्कर आडवं पाडायचं, जबड्यात काठी घालायची, फडक्याने जीभ ओढून खालून चाचपायची. दाणा हाताला लागला की गिऱ्हाईक पसार.

"पण माझ्या पोरीच्या डोक्यात कसे?" त्याचा आवाज चढला. "दाण्याच्या डुकराचा तुकडा तिला कधी दिला नाही मी. तिच्या आईला विचारा हवं तर!"

"मग त्या डुकरांचं काय करता?"

"विकली जात नाहीत, टाकवत नाहीत. मीच खातो," फेर्मिन जरा तोऱ्यातच म्हणाला. "मायलेकींना कोंबडी, नाहीतर मासा. मला काय धाड भरलीय? दगड पचवतो मी!"

डॉक्टरबाईंनी फिल्म खाली ठेवली. "फेर्मिनभाऊ, ते मांस खाणाऱ्याच्या पोटात लांब जंत होतो. त्याला पत्ताही लागत नाही. पण त्या जंताची अंडी शौचावाटे बाहेर पडून हाताला राहतात आणि हातातून दुसऱ्याच्या घासात जातात. हे दाणे त्या अंड्यांचे." मग त्यांनी हलकेच विचारलं, "यादिराला भरवतं कोण?"

पोर जेमतेम सहा वर्षांची. काटा घशात अडकेल म्हणून मासा फेर्मिनच भरवायचा, रोज, मोठ्या हौसेने. बायको चिडवायची, "लग्नातही तुम्हीच भरवा लेकीला!"

"तुमचीही तपासणी करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जंत निघाला तर एक गोळी पुरते."

"आणि तिला?"

"तिचे झटके औषधाने आटोक्यात येतील. पण औषध काही वर्षं घ्यावं लागेल."

आपल्याला एक गोळी आणि तिला काही वर्षं! त्या क्षणी त्याला स्वतःची इतकी चीड आली की तो तिथून उठूनच गेला. दवाखान्याच्या अंगणातल्या नळावर त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, साबणाची वडी झिजेपर्यंत धुतले. जनावरांच्या जिभा तपासण्यात आयुष्य गेलं आणि हे हात एकदाही नीट पाहिले नाहीत, याची त्याला लाज वाटत राहिली.

बाकावर यादिरा डबा उघडून बसली होती. तळलेला मासा, उकडलेला युकाचा कंद. त्याला पाहताच तिने नेहमीसारखा आ वासला.

फेर्मिनने ओले हात काखेत दाबून धरले. "आई येईल आत्ता. तिच्या हातून खा."

"तू भरव ना."

"नाही. आता बाबा नाही भरवणार."

यादिराने हळूच तोंड मिटलं. डबा बाजूला सारत ती म्हणाली, "मी काय केलं, बाबा?"